कोपऱ्यातला रेव्हिजन नंबर

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी सोडल्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत कंपनीची बस जेवढा वेळ उभी असते, तेवढ्यात माणूस फोन या विषयात पीएचडी करून घेईल. आमच्या बसमध्ये असे दोन-तीन डॉक्टर आहेत. अँड्रॉइडची नवी आवृत्ती जाहीर झाली की चिंबळी फाट्यापर्यंत तिचे गुण आणि कुरुळीपर्यंत तिचे दोष बोलून झालेले असतात. मग आळंदी फाट्याला मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतोच, "मॅडम, तुमच्याला आलं का अपडेट?" बहुतेक वेळा आलेलं नसतं. अँड्रॉइड १६ गूगलने जून २०२५ मध्ये दिलं. पिक्सेलवाल्यांना लगेच मिळालं, बाकीच्यांचं कॅलेंडर निराळं. आयफोनवाले अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना सप्टेंबरात सगळ्यांना एकदमच मिळतं. त्यात वाट बघण्याची मजा नाही, असं आम्ही म्हणतो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणा हवं तर.

मी क्वालिटीत. भोसरीत एका वेंडरकडे ट्रेनी म्हणून लागले तेव्हा पहिला धडा मिळाला: पार्ट हातात घेण्याआधी ड्रॉइंगचा खालचा उजवा कोपरा बघायचा. तिथे रेव्हिजन लिहिलेलं असतं. वरच्या कंपनीने एक भोक अर्धा मिलिमीटर सरकवलं तरी चेंज नोट निघते, रेव्हिजन बदलतं, आणि जुन्या रेव्हिजनचा पार्ट कितीही सुबक उतरला तरी लाल डब्यात जातो. फोनकडेही मी त्याच नजरेने बघत आले. लोक कॅमेरा बघतात. कॅमेऱ्याचं आमच्याकडे कौतुक नाही, गेटवर सिक्युरिटीवाला त्याच्यावर स्टिकर चिकटवूनच आत सोडतो. मी सेटिंगमध्ये खाली खाली जाऊन आवृत्तीचा आकडा बघते आणि त्याच्याजवळची सिक्युरिटी पॅचची तारीख.

दुसरी कसोटी आईची. ती गावाकडे असते, जुनी सातवी शिकलेली, आणि मराठीशिवाय काही वाचत नाही. जो फोन तिला वाचता येत नाही, तो माझ्या लेखी नापास.

या कसोटीवर सगळ्यात पुढे होते ते आपले बटणांचे नोकिया. त्यांत देवनागरी होती आणि ती नीट दिसायची. अडचण दुसरीच होती. रोमन लिपीत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसत, देवनागरीत ७०. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याने तेवढ्याच मजकुराला दुप्पट पैसे मोजायचे. पगाराच्या शेवटच्या आठवड्यात मातृभाषेचा अभिमान परवडत नाही. सगळा महाराष्ट्र एबीसीडीत मराठी लिहायला शिकला, त्यात शाळेपेक्षा या ७० अक्षरांचा हात मोठा असावा, असा मला दाट संशय आहे.

मग स्मार्टफोन आले आणि देवनागरी गेली. २०१०-११ च्या सुमारास आमच्या शॉपफ्लोअरवर दोन पक्ष होते. एक सिंबियनचा, म्हणजे नोकिया ५२३३ वाल्यांचा, दुसरा अँड्रॉइडचा. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाच्या स्टीफन एलॉप यांनी सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन घेत असल्याचं जाहीर केलं आणि पहिला पक्ष एका दिवसात अनाथ झाला. दुसऱ्या पक्षातही आनंदच होता. मी घेतलेल्या स्वस्तातल्या अँड्रॉइडवर मराठी मजकूर उघडला की नुसते चौकोन दिसत. पुढे फॉन्ट आला, पण अक्षरं जुळवणारं यंत्र त्याच्यामागे नव्हतं.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. देवनागरीत 'पि' लिहिताना आधी प साठवला जातो, मग वेलांटी. पण दाखवताना वेलांटी पच्या डावीकडे न्यावी लागते. जोडाक्षरात अर्धा आणि पूर्ण वर्ण एकमेकांत बसवावे लागतात. हे काम फॉन्ट एकटा करू शकत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टीमने करायचं असतं. ती करत नव्हती. गंमत अशी की आमच्या गावाच्या जोडनावात दोन्ही शब्दांची सुरुवातच ऱ्हस्व वेलांटीने होते, त्यामुळे 'पिंपरी-चिंचवड' हे तेव्हाच्या फोनवर हमखास मोडून पडायचं. 'ॲप' या शब्दातलं ॲ तर युनिकोडमध्येच २००८ साली दाखल झालं. जुन्या फॉन्टच्या फोनवर ॲप असायचं, चालायचंही, फक्त त्याचं नाव मराठीत लिहिलं की पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन.

त्यावर तोड होती ऑपेरा मिनीची. तिच्या एका आडबाजूच्या पानावर एक सेटिंग होतं. ते चालू केलं की अवघड लिप्यांचा मजकूर सर्व्हरवर चित्र बनून फोनवर येई. अख्ख्या शिफ्टला मी ते चालू करून दिलं असेल. मराठी वर्तमानपत्र आम्ही कित्येक महिने फोटोसारखं वाचलं. आणि हे सगळं कुठे, तर पुण्याच्या हद्दीला लागून. जिथे सी-डॅक १९८८ पासून आहे, ज्यांच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. पुण्यातच रेड हॅटच्या मंडळींनी लोहित नावाचे मुक्त फॉन्ट सांभाळले. लिपीचं काम आमच्या दारात होत होतं आणि आमच्या हातातले फोन चौकोन दाखवत होते.

आता ज्या काळाबद्दल मला खरं बोलायचं आहे तो २०१४-१५ चा. त्या एका वर्षात जगातल्या झाडून सगळ्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीम भारतात उतरल्या. मोझिलाची फायरफॉक्स ओएस ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सच्या क्लाउड एफएक्सवर आली, किंमत १,९९९ रुपये. सप्टेंबरात गूगलने अँड्रॉइड वन भारतातच प्रथम आणलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, साडेसहा हजारांच्या आसपास. त्याच महिन्यात नोकियातून बाहेर पडलेल्या फिनलंडच्या मंडळींचा योला फोन आला, सेलफिश घेऊन. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने स्वतःची टायझेन असलेला झेड वन ५,७०० रुपयांना काढला, तोही जगात सगळ्यांत आधी इथेच. विंडोजच्या लुमिया होत्याच. ब्लॅकबेरी जीव धरून होती.

भोसरीच्या लांडेवाडी चौकाजवळच्या मोबाईलच्या दुकानात हे सगळे एका काचेखाली मांडलेले मी पाहिले आहेत. अशी निवड पुन्हा कधी मिळाली नाही. आम्ही तुलनाही कडक केली. क्लाउड एफएक्स स्वस्त, पण १२८ एमबी रॅम, थ्री-जी नाही, आणि व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही. टायझेन चपळ, पण ॲपच्या दुकानात शुकशुकाट. विंडोजच्या त्या हलत्या रंगीत फरशा माझ्या मते आजवरचं फोनवरचं सगळ्यात प्रामाणिक डिझाइन: अक्षर मोठं, चित्र कमी, स्वस्त फोनवरही न अडखळणारं. टूलरूमचा एक पोरगा लुमिया ५२० वर इतका खूश होता की त्याने लग्नपत्रिकेतही तसेच चौकोन छापले. तो फोन मेला तेव्हा यंत्र ठणठणीत होतं. डिसेंबर २०१९ अखेर व्हॉट्सॲपने विंडोज फोनचा हात सोडला आणि खेळ संपला. त्याआधी २०१७ मध्ये नोकियाच्या सिंबियनचा आणि ब्लॅकबेरीचाही असाच सोडला होता. मायक्रोसॉफ्टची, नोकियाची घोषणा काहीही असो. भारतात ऑपरेटिंग सिस्टीमचा मृत्यूचा दाखला व्हॉट्सॲप देतं.

त्या गर्दीत एक नाव घरचं होतं, इंडस ओएस. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांची, मुंबईतली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट थ्रीवर ती आली तेव्हा नाव फर्स्टटच होतं. पाया अँड्रॉइडचा, पण वरचं घर भारतीय भाषांसाठी बांधलेलं. इंग्रजीत आलेल्या मजकुरावर बोट फिरवलं की तो आपल्या भाषेत होई. माझ्या आईचा विचार करून कुणीतरी काम केलंय, हे त्यात पहिल्यांदा दिसलं. काही काळ भारतातल्या स्मार्टफोनांत तिचा वाटा आयफोनपेक्षा जास्त होता. पण तिचा संसार भारतीय कंपन्यांच्या फोनांवर अवलंबून होता, आणि फोर-जीबरोबर चिनी कंपन्या आल्या तेव्हा त्या कंपन्याच बाजूला पडल्या. इंडसने मग ऑपरेटिंग सिस्टीम सोडून ॲप-बाजारावर लक्ष दिलं, तो फोनपेने घेतला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर म्हणून पुन्हा उघडला. माल चांगला, पण ज्याच्याकडे पुरवठा करायचा तोच बुडाला. ही गोष्ट भोसरीतल्या कुठल्याही वेंडरला समजावून सांगावी लागत नाही.

फायरफॉक्स ओएसचं मात्र वेगळंच झालं. मोझिलाने २०१५ च्या अखेरीस फोनचा नाद सोडला, पण तिच्या उरलेल्या कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनमध्ये बसली. दीड हजार रुपये अनामत, बटणांचा फोन. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही आलं. आईच्या हातात तोच होता. बसमधल्या पंडितांनी जिला टाकाऊ ठरवलं होतं, तिचीच लेक आमच्या घरी सगळ्यात जास्त वापरली गेली. आईला अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम वगैरे काही ठाऊक नाही. ती म्हणायची, "अगं, याच्यात भजनं लागतात, तुझ्यात नुसती कामं येतात." २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने कायओएसलाही निरोप द्यायचं ठरवलं. दाखला पुन्हा तिथूनच.

आज भारतात शंभरातल्या नव्वदहून जास्त फोनांवर अँड्रॉइड आहे. स्पर्धा उरली ती आवृत्त्यांची आणि त्यावर चढवलेल्या रंगांची: वन यूआय, हायपरओएस आणि इतर. भाषेची गाऱ्हाणी बरीच मिटली. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. आयफोनच्या लॉक स्क्रीनवरच्या घड्याळात देवनागरी आकडेही आले. 'दुसऱ्या'मधला ऱ्या अजून काही फॉन्टांत रफार होऊन यच्या डोक्यावर जातो, पण चौकोन गेले. मक्तेदारीबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. पुढच्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखालची भारओएस मंत्र्यांच्या हस्ते तपासून झाली. तीही अँड्रॉइडच्याच मुक्त कोडवर उभी. बसमध्ये तिच्यावर दोन दिवस चर्चा झाली, पण लांडेवाडीच्या काचेखाली ती मला अजून दिसलेली नाही.

म्हणून आता माझी मोठी कसोटी उरली आहे ती मुदतीची. अँड्रॉइडचं अपडेट गूगलकडून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन कंपनीकडे, मग तपासणी होऊन आपल्याकडे येतं. आमच्याकडे टायर-वन, टायर-टू करत ड्रॉइंग खाली उतरतं तसंच. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने चिपवाल्यांचा कोड मुख्य यंत्रणेपासून वेगळा केला, त्याने वाट जरा मोकळी झाली. तरी स्वस्त फोनला वर्षानुवर्षं दोन अपडेटांवर बोळवण. आमच्या धंद्यात गाडीचं मॉडेल बंद झालं तरी पुढची दहा-दहा वर्षं सर्व्हिस पार्ट द्यावे लागतात. जुनी डाय तेल लावून जपून ठेवतो आम्ही. फोनवाल्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ॲपलने २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेचा पॅच पाठवला, तेव्हा मी बसमध्ये पहिल्यांदा पक्ष बदलायच्या बेतात आले होते. मग पिक्सेल ८ ने आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या एस २४ ने सात वर्षांचं वचन दिलं; पण ते महागड्या फोनांना. युरोपने जून २०२५ पासून नियमच केला: विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सुटे भाग सात वर्षं. आपल्याकडे 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल २०२२ पासून आहे, असा दंडक नाही.

हे सगळं आता फोनपुरतंही राहिलेलं नाही. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० चाकणचीच. २०२१ मध्ये ती ॲड्रेनोएक्स नावाची यंत्रणा घेऊन आली. तिथलीच स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन, सगळ्यांत अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले शेजारी शेजारी. जी भांडणं आम्ही बसमध्ये करतो तीच आता डॅशबोर्डवर चालू आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बॉनेटखालचा प्रत्येक पार्ट तेवढं टिकावा म्हणून आम्ही मिठाच्या फवाऱ्यात तो तासन्‌तास ठेवून बघतो. मधल्या पडद्याला अपडेट किती वर्षं मिळणार, हे मी शोरूममध्ये विचारलं तेव्हा सेल्समनने सनरूफ उघडून दाखवलं.

यंदा आईसाठी टचचा फोन घ्यायचा आहे, दहा-बारा हजारांतला. तुम्हीही घेणार असाल तर काउंटरवर दोन गोष्टी करा. फोनवर 'पिंपरी-चिंचवड' आणि 'दुसऱ्या' हे दोन शब्द टाइप करून नीट बघा. आणि सिक्युरिटी पॅच कोणत्या वर्षापर्यंत येणार ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल, हे गृहीत धरा. कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. तिथेही साल छापलेलं नसेल तर तो फोन काउंटरवरच ठेवा.