'लालबाग परळ', आजीसोबत

परवा शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली आणि गावी गेलो. आमचं गाव काशीदच्या पुढे, मुरूडच्या रस्त्यावर. मोबाईलला रेंज फक्त विहिरीजवळ, म्हणून सिनेमा आधीच लॅपटॉपवर घेऊन ठेवला होता. 'लालबाग परळ', महेश मांजरेकरांचा, २०१० चा.

मुळात हे नाटक. जयंत पवारांचं 'अधांतर', १९९७ चं. गिरणी संपात उसवत गेलेलं चाळीतलं एक कुटुंब. एक मुलगा लेखक व्हायला निघालेला, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, नरू टोळीत शिरलेला, मंजूची फसवणूक झालेली, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी आई. सिनेमात ती सीमा बिस्वास. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, निदान सिद्धार्थ जाधवचा स्पीडब्रेकर तरी आठवत असेल. मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलवर, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्ही नरूच्या राड्यांवर शिट्ट्या मारल्या होत्या.

या वेळी शेजारी आजी होती. वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. एरवी ती सिनेमा बघत नाही, पण गिरणीचा भोंगा वाजला आणि तिचा हात थांबला.

आजोबा साचेवाले होते. डिलाईल रोडच्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. आजी मात्र कायम इथेच. वाडी, दोन म्हशी, तीन पोरं आणि महिन्याची मनीऑर्डर, हा तिचा संसार. आजोबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची हीच रीत होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंत पुढे होते. पगार-बोनसची मागणी होती, आणि मान्यताप्राप्त युनियन नको, आमची युनियन हवी, ही पण. वर्ष उलटलं तरी संप चालूच. मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही.

आता मला नेहमी प्रश्न पडायचा, इतके दिवस बिनपगारी लोक जगले कसे? आपल्याला एक तारखेचा पगार तीन तारखेला झाला तर ईएमआय हुकतो. त्याचं उत्तर आजीने सोलता सोलता दिलं. "आम्ही तांदूळ पाठवायचो ना."

भाताचं पीक आलं की एसटीच्या टपावर पोती चढायची. तांदूळ, सुका जवळा, कुळीथ. खोलीतले निम्मे गडी गावी आलेले, उरलेल्यांना गाव पोसत होतं. म्हणजे संप लढला मुंबईत, पण त्याचा शिधा गेला आमच्यासारख्या घरांतून. आजीची पाटली त्याच वर्षी गेली. मधल्या काकांची शाळा सुटली, ती पुन्हा धरली नाही. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

सिनेमातल्या आईने पोरावर हात उगारला तेव्हा आजी म्हणाली, "हिला गाव नसंल. गाव असता तर पोरांना घेऊन आली असती."

मी काही बोललो नाही. गोष्ट चाळीची आहे, कॅमेरा तिथेच राहणार. त्याबद्दल तक्रार नाही. पण गिरणी बंद पडल्यावर एसटीतून परत आलेली माणसं त्या गोष्टीत नाहीत. आजोबा १९८३ च्या पावसाळ्याआधी आले ते कायमचे. पुढे सुपाऱ्या काढल्या, मासळीचा टेम्पो भरला, गिरणीचं नाव काढलं नाही. घरासाठी फॉर्म भरला होता म्हणे. २०१६ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तीही पनवेलजवळच्या कोनच्या घरांची, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात! तोवर आजोबा गेले होते.

आता माझं. माझं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर. 'होतं' म्हणायला हवं. दीड महिन्यापूर्वी एका व्हिडिओ कॉलवर आमच्या अख्ख्या टीमला नारळ मिळाला. अकरा मिनिटांत. घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचो, म्हणजे आईला फोनवर मागे टायपिंगचा आवाज जावा.

सिनेमा संपला. आजीने डाळिंब्यांचं ताट बाजूला सारलं. का कोण जाणे, तिला सांगून टाकलं. "आजी, माझं काम सुटलंय."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी पण आठ महिने नव्हतं सांगितलं. पोष्टमन यायचा थांबला, तेव्हा कळलं मला." आणि थोड्या वेळाने, "जेवतोस ना रे तिकडं नीट?"

रविवारी परत निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत तांदळाची दहा किलोची पिशवी होती. म्हटलं, आजी, मुंबईत मिळतो गं तांदूळ. ऐकते कसली.

असो. मांडव्याला रो-रोच्या रांगेत असतानाच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.