घरच्या दोन ओळी

परवा भाचा दिंडोरीहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. सोबत एक कागद. "आत्या, आयुष्यभर पोरांचे पेपर तपासलेस, आता माझा तपास," म्हणाला. प्रयोगशाळेचा अहवाल होता तो. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आढळले नाही'. दोन ठिकाणी आकडे होते, तेही मर्यादेच्या आत.

मी बी.ए. झालेली मराठीची बाई. तरी पाचवीला गणित शिकवलंय, त्यामुळे दशांश चिन्ह कळतं. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हिशेब केला, तर हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम! म्हणजे दोनेक चमचे साखर.

हे शोधतात तरी कसं? भाच्याने सांगितलं. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येतो, वेगवेगळ्या वेलींवरचे घड घेतो. ते न धुता वाटतात, द्रावकात औषधांचे अंश उतरवून घेतात आणि यंत्र प्रत्येक अंश त्याच्या रेणूच्या वजनावरून ओळखतं. २००६ साली अपेडाचं ग्रेपनेट सुरू झाल्यापासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते. काय काय तपासायचं ती यादी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते.

पण यादीत जे नाही, ते कोण शोधणार? २०१० साली तेच झालं. वेलीची वाढ रोखायला आपल्याकडे सर्रास सीसीसी वापरायचे. ते तेव्हा आपल्या यादीत नव्हतं. युरोपात मात्र सापडलं. तिथली मर्यादा होती ०.०५. कागद स्वच्छ असूनही कंटेनर अडकले, त्यात भाच्याचाही माल होता. कर्ज झालं. त्या वर्षी मी नुकतीच निवृत्त झाले होते. फोनवर त्याची समजूत घालत होते, तर तो मध्येच म्हणाला, "तू खा गं बिनधास्त. तुला पाठवतो ती घरच्या दोन ओळींतली. त्यांच्यावर आम्ही फारसं मारत नाही."

मंडळी, मी फोन धरून तशीच उभी राहिले. आमच्यासाठी दोन ओळी वेगळ्या! आणि महिन्यापूर्वीच माझ्या निरोप समारंभाला लॅम रोडवरच्या हातगाडीवरून दहा किलो द्राक्षं घेऊन मी वर्गातल्या मुलांना वाटली होती. नातवाला घरची आणि मुलांना गाडीवरची. ती कुणाच्या बागेतली, त्यांच्यावर काय मारलेलं, कुणाला ठाऊक? बाधली कुणालाच नाहीत. पण ती गोष्ट मनातून गेली नाही.

म्हणून परवा विचारलंच, "त्या दोन ओळी आहेत का रे अजून?"

"नाही. आता सगळ्या बागेला एकच वही. कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीआधी किती दिवस थांबलो, सगळं लिहितो."

"आणि लोकल मार्केटचा तुझा दुसरा प्लॉट?"

"तिथेही वही आहे. पण नमुना कोण नेणार, आत्या?"

खरं आहे. देशातल्या बाजारालाही कायद्याने मर्यादा आहेत, पण निर्यातीसारखा प्रत्येक प्लॉट तपासायची सक्ती नाही. युरोपातल्या मुलाच्या हातातला घड तपासलेला. आपल्या कॅम्पातल्या मुलाने घड नळाखाली धरायचा, एवढंच. आणि सगळीच औषधं काही पाण्याने जात नाहीत, काही सालीच्या आत उतरलेली असतात.

मी म्हटलं, "त्या प्लॉटचा एक नमुना दे. तपासणीचे पैसे माझ्या पेन्शनमधून."

तो हसला. मग गप्प झाला. "आणि नापास झाला तर?"

"तर विकायचा नाही."

"माल तयार आहे, आत्या. बँकेचा हप्ता मार्चमध्ये आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात एखाद्याला नापास केलं की त्याला ऑक्टोबरची परीक्षा असायची. वेलीवरचा घड ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही.

भाचा अजून हो म्हणालेला नाही. मी पैसे मात्र पाकिटात घालून बाजूला ठेवलेत. असो. पेटीतली द्राक्षं शेजारी वाटली. या वेळी अहवालासकट.