कॅलिपरमधला गाळ

उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा मायनसमध्ये गेला की आमच्या मोटारी पाण्यामागं खाली सरकतात. पाइप जोडायचे, केबल वाढवायची आणि सकाळ-संध्याकाळ गाडी भेगाळलेल्या पात्रात घालायची. हा पोयटा वाळला की पिठासारखा उडतो, ओला असला तर चाकाला सोडत नाही.

परवा लेक म्हणाली, "पप्पा, गाडी ओढल्यागत चालतीया." डबल स्टँडवर लावली, तिला मागं बसवलं आणि पुढचं चाक हातानं फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं. चकतीला बोट लावलं तर चटका बसला. पोरगी रोज याच गाडीवर जेऊरला जाते, समोरून केळीचे ट्रक येतात. ब्रेकचा कॅलिपर मीच खोलायला घेतला.

पॅड काढले आणि लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन बाहेर येऊ दिला. मागोमाग ब्रेक ऑइल आलं, उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरं डॉट फोर निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, म्हणून टाकीवर ओला फडका टाकला होता.

खरं दुखणं सीलमागच्या खोबणीत होतं. तिथं कडक थर साकळला होता. सुईनं ओरखडा पडला असता, म्हणून बांधावरच्या बाभळीचा काटा आणला. त्यानं तासभर कोरलं, तेव्हा खोबणीची चौकोनी कड दिसायला लागली.

या ब्रेकला पिस्टन मागं ओढणारी स्प्रिंग नसते. चौकोनी काठाचं एवढंसं रबराचं सील असतं, बस्स. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर पीळ खातं आणि सोडला की सरळ होता होता पिस्टनला केसभर मागं घेतं. मागं थर साचला की रबराला पीळ खायला जागाच उरत नाही. ते कळल्यावर मी कितीतरी वेळ नवं सील बोटावर वाकवून बघत बसलो. पेट्रोलनं ते फुगतं. ताजं ब्रेक ऑइल लावूनच बसवलं.

आमचे आण्णा ओट्यावर बसून बघत होते. कोरलेला गाळ त्यांनी चिमटीत धरला, चोळला. १९८० साली धरण पूर्ण झालं. आमचं वांगी गाव पाण्यात गेलं आणि वर वांगी नंबर एक, दोन, तीन, चार अशी चार गावं झाली. पाणी खूप उतरलं की आण्णा माझ्या मागं बसून खाली येतात, जुन्या घराच्या जोत्याचे दगड शोधतात. त्या जोत्यावर बसलेला गाळच गाडीबरोबर वर आला होता.

"आपल्या दारातला हाय," आण्णा म्हणाले. चिमूट त्यांनी टाकली नाही, तुळशीत सोडली.

एअर काढायला लेक लिव्हरवर, मी निप्पलवर आठचा पाना लावून.

"दाब. दाब. आता धर."

नळीतून बुडबुडे आले. निप्पल आवळला.

"सोड."

विसेक वेळा केलं, तेव्हा नुसतं तेल आलं आणि तिच्या मुठीत लिव्हर घट्ट झाला. ती परत मागं बसली. आण्णांनी ओट्यावरून उतरून पुढचं चाक स्वतः फिरवलं आणि ते थांबेपर्यंत वाकून उभे राहिले.