सांकवाळचे पंडित आणि हार्वर्डचे विद्यापीठ

आमच्या म्हापशात शुक्रवारच्या बाजाराइतक्याच नियमाने भरणारी दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षांच्या निकालानंतर घराघरांत चालणारी सल्लामसलत. पूर्वी या चर्चेचा पल्ला बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई इथवर असे. पोर्तुगीज अमदानीत पणजीचे लिसेव आणि १८४२ साली निघालेली वैद्यकीय शाळा यांपलीकडे गोव्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, आणि गोव्याला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते १९८५ साली. आता हा पल्ला सातासमुद्रांपार गेला आहे. पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतूनही 'हार्वर्ड' हे नाव सहज कानी पडते. परंतु ती संस्था कोणाच्या पैशावर उभी राहिली आणि आपल्या माणसांचा तिच्याशी कधी काही संबंध आला काय, असे विचारले तर बहुधा शांतता पसरते. आम्ही काही तेथे शिकलेलो नाही. मात्र गतवर्षी घरातल्याच एका प्रश्नापायी या विषयाचे बरेच वाचन घडले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

या विद्यापीठाचा आरंभ इ. स. १६३६ चा. त्या वेळी आपले शिवराय अवघे सहा वर्षांचे होते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने एका महाविद्यालयासाठी ४०० पौंड मंजूर केले. दोन वर्षांनी जॉन हार्वर्ड नावाचा एक तरुण धर्मोपदेशक क्षयाने वारला. मरताना त्याने आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० ग्रंथ या नव्या शाळेस दिले, आणि १६३९ मध्ये तिला त्याचे नाव मिळाले. म्हणजे ज्याच्या नावाने ही संस्था जगात ओळखली जाते तो तिचा संस्थापक नव्हेच; तो एक दाता होता, आणि त्याच्या दानात पुस्तकेही होती. तेथील प्रांगणात त्याचा पुतळा आहे. त्यावर 'संस्थापक, १६३८' असे कोरले असून चेहरा कुणा दुसऱ्याच तरुणाचा आहे, कारण हार्वर्डचे चित्रच उपलब्ध नव्हते. असे तीन असत्य बोल ज्याच्या पायथ्याशी आहेत, त्या विद्यापीठाचे बोधवाक्य 'सत्य' हे आहे, याची गंमत तेथील विद्यार्थ्यांनाही वाटते. ते ग्रंथ पुढे १७६४ च्या आगीत जवळजवळ सर्व भस्मसात झाले. परंतु ग्रंथ देण्याची परंपरा राहिली. टायटॅनिक बोटीवर १९१२ साली मृत्यू पावलेल्या एका ग्रंथप्रेमी तरुणाच्या आईने बांधून दिलेले वाइडनर ग्रंथालय १९१५ मध्ये उघडले, ते याच परंपरेतले.

पहिली दोन शतके हे एक लहानसे महाविद्यालय होते. सरकारशी असलेले त्याचे नाते १८६५ साली संपले, आणि १८६९ पासून चाळीस वर्षे अध्यक्षपदी असलेल्या चार्ल्स एलियट यांनी त्याचे संशोधनपीठ केले. आज तेथे सुमारे चोवीस हजार विद्यार्थी आहेत, आणि त्यांतील चौथा हिस्सा परदेशीयांचा आहे. कायम निधी पन्नास अब्ज डॉलरांहून अधिक आहे. हा आकडा ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "मग फी घेतात तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या देवस्थानांच्या कारभारात सापडते. कुणी नंदादीपाच्या तेलासाठी शेत लावून दिले असेल, तर त्याचे उत्पन्न महाजनांना पालखीच्या डागडुजीस वापरता येत नाही. हार्वर्डचा निधीही अशाच हजारो देणग्यांचा मिळून झाला आहे आणि बहुतेकींच्या मागे दात्याची अट आहे.

अशाच एका अटीच्या देणगीतून आपल्याशी त्याचा संबंध जुळला.

हेन्री क्लार्क वॉरन हे बॉस्टनच्या एका सधन घरातले. बालपणी गाडीतून पडून पाठीच्या कण्यास इजा झाली, आणि उभे आयुष्य वेदनेत गेले. या माणसाने पाली भाषेचा ध्यास घेतला. संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्यासह त्यांनी १८९१ साली 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' ही ग्रंथमाला काढली. पाचव्या शतकात बुद्धघोषाने सिंहलद्वीपात रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या थोर ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे हे वॉरन यांचे जीवितकार्य होते. ते अपुरे टाकून १८९९ साली ते वारले. आपले घर आणि ग्रंथमालेसाठी पैसा त्यांनी विद्यापीठास दिला. ज्या पालीच्या हस्तलिखितांवर त्यांनी डोळे शिणवले, ती पुढे नेणारा माणूस मात्र पैशाने निर्माण होणारा नव्हता.

त्याच १८९९ सालाच्या अखेरीस आमच्या गोव्यातील सांकवाळ गावचा एक तेवीस वर्षांचा गृहस्थ घर सोडून निघाला. त्याचे नाव धर्मानंद कोसंबी. शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरते, उद्योग घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख, आणि पदरी पत्नी व तान्ही मुलगी. दोन वर्षांपूर्वी 'बालबोध' या मराठी मासिकात बुद्धचरित्रावरील लेख त्याच्या वाचनात आला होता, आणि त्या लेखाने त्याची झोप उडाली होती. मासिके वाचून काय होते, असे विचारणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देत असतो.

पुढचा प्रवास आमच्या बृहन्महाराष्ट्रीय वाचकांना आपल्याच अंगणातला वाटेल. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन केले. तेथून नेपाळ, बुद्धगया, आणि अखेर सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पालीचा अभ्यास, त्यानंतर ब्रह्मदेश. परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम मिळाले. ते टाकून, महाराष्ट्रात राहून लोकांना बौद्ध धर्माची ओळख करून द्यावी म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपयांचे वेतन पत्करले. ही सारी हकीकत त्यांच्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे. ते पुस्तक ज्यांच्या घरी नसेल त्यांनी मिळवून वाचावे. आपल्या हालांचे इतके निर्विकार वर्णन मराठीत दुसरे क्वचित असेल.

हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची या पंडितांशी ओळख झाली, आणि त्यांच्या खटपटीने १९१० साली वॉरन यांचे अपुरे काम पुरे करण्यासाठी कोसंबींना बोलावणे आले. ज्या वर्षी पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना समान हक्कांची वाट दिसू लागली, त्याच वर्षी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेला एक सांकवाळकर अमेरिकेतील सर्वांत जुन्या विद्यापीठात जाऊन बसला, तोही विद्यार्थी म्हणून नव्हे. त्यांना तेथे ज्यासाठी नेले होते ते अन्नछत्रात आणि विहारांत मिळविलेले ज्ञान होते.

हा संबंध सुखाचाच झाला असे मात्र नाही. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव असावे यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. दिवंगत मित्राचे श्रेय अभंग राहावे ही लॅनमन यांची इच्छा आम्हांस समजू शकते. पण केलेल्या कामाचे नाव मागणाऱ्या पंडितांची बाजू आम्हांस अधिक न्याय्य वाटते. ते १९१२ साली परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. ग्रंथ छापून निघाला तो १९५० साली, मालेचा ४१ वा खंड म्हणून. त्यावर वॉरन यांचे नाव संपादक आणि कोसंबींचे नाव संशोधक या नात्याने आहे. ते पाहण्यास पंडित हयात नव्हते; १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता. त्यांनी वाट मात्र पाहिली नव्हती. त्याच ग्रंथाची स्वतंत्र देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे काढली होती.

१९१८ च्या फेरीत त्यांनी कन्या माणिक व पुत्र दामोदर यांना बरोबर नेले. हार्वर्ड त्या काळी मुलींना पदवी देत नसे. त्यांच्यासाठी शेजारी रॅडक्लिफ महाविद्यालय होते, तेथे माणिकबाई शिकल्या. दामोदरांनी १९२९ साली हार्वर्डची पदवी उच्च सन्मानाने मिळविली. गणिती, नाणेशास्त्रज्ञ आणि इतिहासकार म्हणून ते पुढे जगविख्यात झाले, हे सांगावयास नकोच. गोव्यात त्यांच्या नावाने २००८ पासून व्याख्यानांचा विचारमहोत्सव सुरू झाला. वा. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादिलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' याच ग्रंथमालेत १९५७ साली निघाला. त्याचा क्रमांक ४२. म्हणजे गोव्यातल्या एका घरातील पिता आणि पुत्र त्या मालेत एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. आणि त्यांच्या आधी, १९१५ साली, २१ व्या खंडात 'उत्तररामचरिता'चा अनुवाद घेऊन पुण्याचे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आलेले आहेत. भांडारकर संस्थेच्या स्थापनेत आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हेच बेलवलकर पुढे अग्रभागी होते.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या पुतणीस अमेरिकेतील एका विद्यापीठात (हार्वर्ड नव्हे) दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. खर्चाचा आकडा पाहून सारे घर गप्प झाले. पेडण्यास आमची वडिलोपार्जित काजूची बागायत आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिला असा भाव आला आहे, की मधूनमधून दिल्लीकडचे गिऱ्हाईक दारी येते. थोरले बंधू म्हणाले, "जमीन काय, मुलीपेक्षा मोठी?" वहिनी म्हणाल्या, "एकदा गेली की नातवंडांना दाखवायला दगडसुद्धा उरणार नाही." दोघांचेही खरे होते, म्हणून निर्णय होईना.

तेव्हा आम्ही चौकशीस लागलो, आणि जे हाती आले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल. हार्वर्डमध्ये २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून, वार्षिक दोन लाख डॉलरांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना पदवी अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क माफ झाले आहे. परंतु हा लाभ पदवीपुरताच आहे. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यास सामान्यतः शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते, कारण विद्यापीठास त्याच्या संशोधनाची गरज असते. मधला जो व्यावसायिक पदव्युत्तर वर्ग, तेथे बहुतांशी विद्यार्थ्यानेच पैसे मोजायचे. आपल्याकडील जमिनी गहाण पडतात त्या याच मधल्या वर्गापायी. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढून घेतली होती. न्यायालयाने तो हुकूम लगोलग रोखला. परंतु ज्याने घर विकून पैसे भरले असतील त्या बापाचे ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करावी.

ही सर्व माहिती आम्ही पुतणीपुढे ठेवली आणि सोबत 'निवेदन' दिले. तिने ते दोन रात्रींत वाचून काढले. मग तिने स्वतःच प्रवेश नाकारल्याचे कळविले. सध्या ती येथेच एका संशोधन प्रकल्पावर काम करीत असून त्यातून जे हाती येईल ते घेऊन डॉक्टरेटसाठी अर्ज करणार आहे. बंधूंना हे अजून पूर्णपणे पटलेले नाही. वय निघून जाते, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे आम्ही खोडू शकलेलो नाही. अर्जांची मुदत डिसेंबरात आहे. बागायतीत यंदा मोहोर चांगला धरला, तर अर्जांचे आणि परीक्षांचे शुल्क त्या काजूंतून भागवावे, असे वहिनींनी ठरविले आहे.