शब्द देणाऱ्या मुली

प्रकाशाला तापी आणि गोमाई यांचा संगम आहे, केदारेश्वराचे देऊळ आहे, आणि लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. पुण्य जोडायला येणाऱ्यांची तेथे वाण नाही. मी मात्र दर शनिवारी जाते ती गाईडच्या मुलींना गाठी शिकवायला.

खरे म्हणजे गाठ मारणे, चूल पेटवणे, आजाऱ्याची उशागती बसणे यांत आमच्या मुलींचा हात कोण धरणार? शिकायचे असते ते निराळेच. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांच्या स्काउट मेळाव्यात काही मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी गाईड चळवळ निघाली. गाईडमध्ये मुलींचे लहान लहान संघ असतात, आणि संघाची नायिका त्यांच्यातलीच एक असते.

यंदा शिबिराच्या वेळी एक आई काही केल्या ऐकेना. "ताई, पोरीची जात. रातची बाहेर कशी धाडू?" मी हरले. मग तेरा वर्षांची संघनायिका एकटीच तिच्या दारी गेली. "मावशी, मी तिला माझ्याजवळ निजवीन आणि सकाळी तुमच्या हाती आणून देईन." माउलीने मुलीचे अंथरूण बांधून दिले!

घरात मुलीला सांगितलेले ऐकायला शिकवतात. शब्द द्यायला आणि तो निभवायला शिकवणारी जागा तिला क्वचितच मिळते. त्या रात्री नायिकेने सगळ्यांच्या जागा नेमल्या. मला दाराजवळची मिळाली. मी निमूटपणे तेथे जाऊन निजले.