अर्थ लावणाऱ्या बाया

टॅरोच्या पत्त्यांवर माझं प्रेम आहे, आणि उद्या काय घडणार हे ते सांगतात यावर माझा विश्वास नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात गुण्यागोविंदाने नांदतात. पत्ते पिसताना होणारी सळसळ मला आवडते. एक पत्ता उलटायचा, समोर येईल ते चित्र निवांत न्याहाळायचं. हळूहळू ते बोलू लागतं. बोलत असते अर्थात मीच. पण एरवी जे स्वतःपाशीही बोलायचं राहून जातं, ते चित्राच्या आडोशाने सहज बोलता येतं.

एका डेकमध्ये 78 पत्ते असतात. त्यातले 22 मोठे, ज्यांना मेजर अर्काना म्हणतात. त्यांत सम्राज्ञी आहे, एकांतवासी साधू आहे, मृत्यू आहे, चंद्र-सूर्य आहेत, कोसळणारा बुरूज आहे. उरलेले 56 म्हणजे मायनर अर्काना. त्यांत काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी असे चार रंग. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या बदाम-इस्पिकच्या पत्त्यांशी यांचं नातं सरळ दिसतं, आणि ते खरंही आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो जन्माला आला तो खेळ म्हणूनच. प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान यांत दडलंय ही कल्पना 1781 मध्ये पॅरिसमधल्या आंत्वान कूर द जेबलँ या लेखकाने मांडली. तिला आधार काही नव्हता, तरी ती लोकांच्या मनात बसली आणि खेळातले पत्ते भविष्य सांगू लागले.

मैत्रिणी पत्ते बघायला बसल्या की त्यांचा प्रश्न बहुधा 'कधी'ने सुरू होतो. लग्न कधी जमेल, मूल कधी होईल, त्याचा राग कधी जाईल. मी म्हणते, "ते राहू दे. आधी सांग, या चित्रातली बाई कुठे बघतेय असं तुला वाटतं?" मग ती पत्ता हातात घेते. थोडं थांबून म्हणते, "दाराकडे बघतेय गं." चित्रात दार नसतंच. ते तिच्या मनात असतं. पत्ता वाचणं म्हणजे मला वाटतं हेच: समोर काय काढलंय आणि मी त्यात काय पाहतेय, या दोहोंमधली जागा न्याहाळणं.

पण मग समोर काय काढलंय, कोणी काढलंय आणि त्याचा अर्थ आजवर कोणी सांगितला, हे प्रश्नही विचारायलाच हवेत. पत्त्यांचा इतिहास वाचू लागले तेव्हा या प्रश्नांनी मला पुरतं धरून ठेवलं.

पत्ते युरोपात पोचले ते चौदाव्या शतकात, मुस्लिम जगातून. इजिप्तच्या मामलुक काळातला एक जुना संच इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. त्यात राजा आहे, राजाचा नायब आहे, दुय्यम नायब आहे, राणी नाही. आपल्याकडची गंजिफा याच गोतावळ्यातली मानली जाते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गोल, हाताने रंगवलेली गंजिफा अजून तयार होते. दशावतारी गंजिफेत 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान. राणी तिथेही नाही. आणि तरी ही कला जगली ती एका राणीमुळे. शेवटचे जाणते चितारी थकले होते तेव्हा, 1970 च्या दशकात, सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेऊन ती जिवंत ठेवली, स्वतः हातात ब्रश धरला. ज्या पत्त्यांत राणीला जागा नव्हती ते पत्ते एक राणी रंगवत होती, हे मला विसरता येत नाही.

राणी पत्त्यांत आली ती युरोपात. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी 1440 च्या सुमारास रंगवलेला एक संच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक रंगात राजा आणि राणी तर आहेतच, शिवाय घोडेस्वार पुरुषाच्या जोडीला घोड्यावर बसलेली स्त्री आहे, आणि सेवकाच्या जोडीला सेविका. सगळं जोडीजोडीने. पुढे ही पद्धत टिकली नाही. टॅरोच्या दरबारात चार राजे, चार घोडेस्वार, चार सेवक आणि बाया म्हणाल तर फक्त चार राण्या, अशी घडी बसली. घोड्यावरच्या बाया उतरल्या त्या शेकडो वर्षांसाठी.

त्याच घराण्याच्या नंतरच्या संचात एक पत्ता आहे, पोप झालेल्या बाईचा. तो न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. तपकिरी, साधा जोगिणीचा झगा, कमरेला गाठी मारलेली दोरी, हातात पुस्तक, आणि डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट. अंगावरचा झगा गरिबीचा आणि माथ्यावर ख्रिस्ती जगातली सर्वोच्च सत्ता. ही कोण, याचा एक तर्क गर्ट्रूड मोकली या न्यूयॉर्कच्या ग्रंथपाल बाईंनी 1966 च्या पुस्तकात मांडला. तेराव्या शतकात मिलानमध्ये गुलिएल्मा नावाची एक साध्वी होती. ती गेल्यावर तिच्या भक्तांनी मानलं, की पवित्र आत्मा तिच्या रूपाने स्त्रीदेहात अवतरला होता. आता नवं युग येईल आणि त्यात पोपही बाईच असेल. त्या जागेसाठी त्यांनी निवडलेली जोगीण म्हणजे मायफ्रेदा, व्हिस्कोंतींच्याच नात्यातली. 1300 साली धर्मन्यायालयाने तिला जाळलं. गुलिएल्माची हाडंही थडग्यातून उकरून जाळली. मोकलींच्या मते पत्त्यातली बाई म्हणजे ही मायफ्रेदा. हा तर्क सर्व अभ्यासकांना मान्य नाही. काहींना ती श्रद्धेचं प्रतीक वाटते. पण जिला गादी मिळाली नाही, जिवंत जाळली गेली, तिला दीडशे वर्षांनी तिच्या घराण्याने सोन्याच्या वर्खावर मुकुट घालून बसवलं असेल, ही शक्यताच मला हलवून टाकते.

आज जगभर सर्वाधिक ओळखीचा आहे तो 1909 मध्ये लंडनमध्ये निघालेला डेक. त्याचं रूढ नाव रायडर-वेट. रायडर हे प्रकाशक, आर्थर एडवर्ड वेट हे योजक. चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथचं नाव त्यात नाही. तिचा जन्म 1878 चा, लंडनचा. बालपणाचा काही काळ जमैकात गेला, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनमध्ये झालं. जमैकाच्या लोककथा तिने लिहिल्या, सांगितल्या, रंगवल्या. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी आपल्या छायाचित्रांच्या दालनात 1907 मध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठीही तिने चित्रं काढली. टॅरोचे सगळे पत्ते रंगवून झाल्यावर तिने स्टीग्लिट्झना पत्रातून कळवलं, की काम मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली, कर्ज मागे ठेवून. जवळजवळ प्रत्येक पत्त्याच्या तळाशी, कोपऱ्यात, तिची गुंफलेली आद्याक्षरं आहेत. वेलीच्या तणाव्यासारखी ती गवतात, पाण्यात, दगडांत मिसळून गेली आहेत. आता पुष्कळजण या डेकला रायडर-वेट-स्मिथ म्हणतात. मीही म्हणते.

तिचा 'एट ऑफ सोर्ड्स' जवळून पाहू. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती गुंडाळलेलं कापड, आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी, मागे उंच कड्यावर किल्ला, पायांखाली ओहोटीनंतर राहिलेलं पाणी. पहिल्या नजरेला ही कैदच आहे. मात्र बघत राहिलं की दिसतं, बाईचे पाय मोकळे आहेत. तलवारींचा वेढा पुरा नाही. समोरची बाजू उघडी आहे. आसपास पहारेकरीही नाही. ही कायमची कैद नाही, हे वेट यांनीही लिहून ठेवलंय. तरी 'मग ती चालत का नाही?' असं विचारायला मला धीर होत नाही. डोळे बांधलेल्या बाईला वाट मोकळी असल्याचं कळणार कसं? पट्टी कोणी बांधली, किल्ल्यात कोण राहतं, हे विचारल्याशिवाय तिला फक्त 'हिंमत कर' म्हणणं सोपं असतं. स्त्रीवादी वाचन मला शिकवतं ते एवढंच: बाईच्या मनाकडे बघ, पण किल्ल्याकडेही बघ.

'क्वीन ऑफ सोर्ड्स'ची कथा तर आणखी बोलकी आहे. तलवार सरळ उभी धरलेली, दुसरा हात पुढे केलेला, चेहरा करारी, वर आकाशात एकच पक्षी. वेट यांनी तिचे अर्थ दिले ते वैधव्य, स्त्रीचं दुःख, वांझपण, विरह. चित्रात यातलं काय आहे? स्मिथने काढलीय ती आपल्या आसनावर ताठ बसलेली, आपलं म्हणणं ठाऊक असलेली बाई. पण एकटी बाई, तीही हातात शस्त्र घेतलेली, म्हणजे तिचं काहीतरी हरवलेलंच असणार, असं अर्थ सांगणाऱ्याने गृहीत धरलं. आज बहुतेक वाचक तिच्यात स्पष्टवक्ती, स्वतंत्र बुद्धीची स्त्री पाहतात. चित्रातली एक रेघही बदलली नाही. बदलल्या त्या पाहणाऱ्या बाया.

काही बायांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. कॅलिफोर्नियात बर्कलीमध्ये व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगेल यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस अख्खा डेक नव्याने रंगवायला घेतला. 1981 मध्ये तो 'मदरपीस' या नावाने निघाला. पत्ते गोल. त्यामुळे पत्ता सुलटा किंवा उलटा एवढंच राहत नाही. तो डावीकडे झुकतो, उजवीकडे कलतो, आणि होय-नाहीच्या मधल्या कितीतरी अवस्था वाचता येतात. एकांतवासी साधूच्या जागी इथे म्हातारी आहे. राजा-राणी-घोडेस्वार गेले; त्यांच्या जागी मुलगी, मुलगा, पुजारीण आणि शमन. या डेकवर टीकाही झाली आणि ती मला रास्त वाटते: आफ्रिकेच्या, आशियाच्या, अमेरिकेतल्या मूळ समाजांच्या प्रतिमा दोघी गोऱ्या बायांनी आपल्याशा करून वापरल्या. ज्यांच्या प्रतिमा होत्या, त्यांनी पुढे स्वतःच ब्रश हाती घेतला. क्रिस्टी रोड या क्युबन-अमेरिकन चित्रकर्तीच्या 'नेक्स्ट वर्ल्ड टॅरो'मध्ये काळी-सावळी, जाडजूड, समलिंगी, ट्रान्स माणसं मोठ्या पत्त्यांवर आपल्या हक्काने उभी आहेत. आणि टॅरोवाचनाला विचारांची खोली देणारं 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' हे पुस्तक रेचल पोलॅक या ट्रान्स स्त्रीने लिहिलं, हेही इथे नोंदवायलाच हवं.

निकी द सँ फाल या शिल्पकर्तीला तर हाताएवढा पत्ता पुरेनाच. इटलीत तोस्कानामध्ये कापाल्बियोजवळ तिने 22 मोठ्या पत्त्यांची बाग उभारली. 1998 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. खर्चासाठी तिने स्वतःच्या नावाचं अत्तर विकलं. बागेतली सम्राज्ञी स्फिंक्सच्या आकाराची आहे, एखाद्या घराएवढी. काम चालू असताना निकी तिच्या पोटात खरोखर राहत होती: एका स्तनात झोपायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर, भिंतीभर आरशांचे तुकडे. दुसऱ्यांनी रंगवलेल्या सम्राज्ञीकडे बघत बसण्यापेक्षा तिने आपली घडवली आणि तिच्यात संसार मांडला.

हे सगळं पाहताना माझ्या मनात एक मराठी डेक आकार घेऊ लागतो. त्यातला 'चॅरियट' म्हणजे सकाळच्या लोकलचा बायकांचा डबा. 'हर्मिट' म्हणजे डोक्यावर तुळस घेऊन वारीला निघालेली म्हातारी. 'स्ट्रेंग्थ' म्हणजे बीडकडून उसाच्या फडात निघालेली कोयतेकरीण, पदराला पोर आणि खांद्यावर मोळी. 'जस्टिस'च्या हातात तराजू नाही, सातबारा आहे, आणि त्यावर तिचं नाव आहे. नाण्यांच्या रंगातल्या कष्टाच्या पत्त्यावर दळताना ओव्या रचणारी जनाबाई. आणि तलवारीची राणी म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना थेट जाब विचारणाऱ्या. तिच्या शेजारी पंडिता रमाबाई. विधवाच, पण वैधव्याला दुःखाचा पत्ता न मानता विधवांसाठी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या.

असा डेक समोर असेल तर 'लग्न कधी जमेल' म्हणून बसलेली मुलगी बघता बघता 'जमीन कोणाच्या नावावर आहे', 'मला कुठे जायचंय' असे प्रश्न विचारू लागेल. हाताशी कोणती चित्रं आहेत, त्यावर आपल्याला कोणते प्रश्न सुचतात हे पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून हा डेक निघायला हवा, अनेक जणींच्या हातून, अनेक गावांतून. आणि तो निघेल तेव्हा चित्रं काढणाऱ्या बायांची नावं डबीवर सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापलेली असावीत, आणि मेहनताना पुरेपूर मिळालेला असावा.