पायी मासेमारी

माझ्या आत्याकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं, मासेमारीचा परवाना तर नव्हताच. एक कोयती, एक पाटी आणि उरणची खाडी यांवर तिचं घर चालायचं. तिथी सांगितली की ती भरतीची वेळ सांगे. ओहोटी लागली की काष्टा घट्ट करून गुडघाभर चिखलात शिरे. कुठल्या बिळात चिंबोरी आहे आणि कुठल्यात साप, हे तिच्या पायांना कळायचं. खडकाची कालवं कोयतीच्या टोकाने सोडवायची, निवटे हाताने धरायची. त्या पाटीवर तिने दोन मुलगे शिकवले, आणि आम्हा भाचरांनाही कधी उपाशी परत पाठवलं नाही.

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. एक न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होतं, दुसरं मुंबईकडे येत होतं. ‘चित्रा’ कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, सुमारे 800 टन तेल पाण्यात गेलं. घारापुरी, उरण, अलिबागच्या किनाऱ्यांना काळा थर लागला. नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आली होती, आणि बाजारात गिऱ्हाईक मासळीला हात लावायला घाबरत होतं.

वाळूवरचं तेल फावड्याने उचलून पोत्यांत भरता येतं. तिवरांचं तसं नाही. ती चिखलाबाहेर काढलेल्या मुळ्यांनी श्वास घेतात. तेल त्या मुळ्यांची छिद्रं लिंपून टाकतं, आणि ते पुसायला माणूस आत शिरला तर त्याच्याच पायांनी तेल आणखी खाली दाबलं जातं. तिथे हवा पोचत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. आत्या ओहोटीला जात राहिली. पाटी आधी अर्धी भरायची, मग तळाशी चार चिंबोऱ्या. “बाला, चिखल मेला रं,” एवढंच ती म्हणाली. नुकसानीची नोंद करायला माणसं आली तेव्हा त्यांनी होडीचा नंबर विचारला. नंबर नव्हता, म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं नाही.

कायदे होतेच. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःचा कायदा केला, देशाचा 1974 मध्ये आला. घातक द्रव्य पाण्यात सांडलं तर तातडीने खबर देणं त्यात बंधनकारक आहे. ते काढून टाकण्याचे अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहेत. समुद्रातल्या तेलगळतीसाठी 1996 पासून राष्ट्रीय योजना आहे आणि तिची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत. जो प्रदूषण करेल त्यानेच भरपाई द्यायची, हे तत्त्वही सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केलं. राष्ट्रीय हरित लवाद सुरू झाला तो या टकरीनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर 2010 मध्ये. त्याच लवादाने 2015 मध्ये, न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गेलेल्या उरण-पनवेल भागातल्या 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाई द्यावी, असा निकाल दिला. पारंपरिक मच्छीमारांनी नेटाने लढून तो मिळवला. खाडीवर जगणाऱ्यांचं नुकसान मोजता येतं, हे त्या निकालाने दाखवून दिलं.

आत्या आता नाही. तिच्या सुनांनी खाडीत पाय घातला नाही. उतरून हाती काय लागणार होतं? त्यामुळे बिळाच्या तोंडावरून आतलं जनावर ओळखण्याची तिची विद्या तिच्याबरोबर गेली. तेलाचे टन मोजले जातात, साफसफाईचा खर्च मांडला जातो, पण या तुटलेल्या धाग्याचा रकाना कुठल्याच पंचनाम्यात नाही.

म्हणून मला वाटतं, पाण्यावरचा तवंग दिसेनासा झाला म्हणजे सफाई झाली, असं सरकारने मानू नये. चिखलात चिंबोऱ्या परत येईपर्यंत तेल सांडणाऱ्याची जबाबदारी संपू नये. दरवर्षी तो चिखल तपासावा आणि त्याचा खर्च त्याच्याकडूनच घ्यावा. आणि पायी मासेमारी करणाऱ्या बायकांची यादी गळती होण्याआधीच गावोगाव तयार असावी. माझ्या आत्याचं नाव आता कुठल्या यादीत येणार नाही. पण आजही ओहोटीला पाटी घेऊन उतरणाऱ्या बायका आहेत, आणि पुढचं जहाज कलंडेल तेव्हा त्यांना कुणी होडीचा नंबर विचारता कामा नये.